वीस घरांचा अर्ज

रेशनच्या पिशवीत भाजी नसते. २०१३च्या राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्याने माणशी महिन्याला ५ किलो, अंत्योदय कुटुंबाला ३५ किलो धान्याचा हक्क दिला. जानेवारी २०२३पासून हे धान्य मोफत मिळतं. कायदा मोठा आहे, आणि करोनाच्या काळात त्याच्या जोरावर किती चुली पेटत्या राहिल्या हे बुलढाणा जिल्ह्यातल्या खामगाव-मलकापूरच्या मजूर वस्त्यांत राहणाऱ्या कुणालाही सांगावं लागत नाही. त्या कायद्याला उणं लेखण्यासाठी हा लेख नाही. पण त्याने आपल्या विचाराला एक सवय लावली. पोट भरण्याचा प्रश्न म्हणजे धान्याचा प्रश्न, आणि तो सुटला की ताटातलं बाकीचं ज्याचं त्याने पाहावं.

बाकीचं किती आहे ते पाहा. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४मध्ये आहाराची सुधारित मार्गदर्शक तत्त्वं प्रसिद्ध केली. त्यांनुसार प्रौढ माणसाने रोज ४०० ग्रॅमच्या आसपास भाज्या खाव्यात, त्यांत साधारण १०० ग्रॅम पालेभाज्या. पाच माणसांच्या घराला म्हणजे दिवसाला दोन किलो भाजी, त्यात अर्धा किलो पाला. रोजमजुरीवरच्या घरात दोन किलो भाजी सणालासुद्धा येत नाही. आलू, कांदा, हिरव्या मिरच्या आणि वरणात टाकायला दोन भेदरं (टोमॅटो), एवढ्यावर आठवडा निघतो. मार्चनंतर भाव चढले की पालेभाजी सर्वांत आधी गळते, कारण ती शिजून मूठभर होते आणि त्या पैशात आलू जास्त येतात. ज्या बाईच्या हातात शंभराची एकच नोट आहे तिचा हा हिशेब बरोबरच आहे. चूक आहे ती हिशेब इतका तंग करून ठेवणाऱ्या व्यवस्थेची. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी ५४.२ टक्के आणि पाच वर्षांखालच्या मुलांपैकी ६८.९ टक्के रक्तक्षयाने ग्रासलेली आढळली. धान्याची कोठारं भरलेल्या देशातली ही आकडेवारी आहे.

सरकारला हे ठाऊक आहे. त्यावर त्याने शोधलेला उपाय म्हणजे तांदळातच लोह, फॉलिक आम्ल आणि बी-१२ घालणं. २०२४पर्यंत हा गुणसंवर्धित तांदूळ रेशनवर सगळीकडे पोचला. उपयोग होत असेल, होवो. पण ज्या घरात अंबाडीचा, चाकवताचा, तांदुळज्याचा पाला रोज शिजत असे, त्या घराला आता पोषण दाण्यात मिसळून पाठवावं लागतं. हे कसं घडलं याचा विचार मात्र आपण करत नाही.

माझं म्हणणं सरळ आहे. बुलढाणा जिल्ह्यातल्या प्रत्येक नगरपरिषदेने आपल्या हद्दीतल्या मोकळ्या जागांचा काही भाग भाजी पिकवण्यासाठी मागणाऱ्या कुटुंबांच्या गटाला दिला पाहिजे. लेखी द्यावा, ठरावीक मुदतीने द्यावा, पाण्याची सोय करून द्यावा. मागणाऱ्याला तो मागण्याचा हक्क असावा.

ही मागणी आताच का, ते सांगतो. २०२४चं वर्ष संपता संपता शेगाव तालुक्यातल्या बोंडगाव, कालवड, हिंगणा या आणि आसपासच्या गावांत लोकांचे केस झपाट्याने गळू लागले. काहींना तीन-चार दिवसांत टक्कल पडलं. देशभर बातम्या झाल्या, भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची पथकं येऊन पाण्याचे, रक्ताचे, धान्याचे नमुने घेऊन गेली. विंचूदंशावरच्या संशोधनासाठी ओळखले जाणारे महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी रेशनवर आलेल्या गव्हातल्या सेलेनियमकडे बोट दाखवलं. बाधितांच्या शरीरात जस्त कमी असल्याचंही त्यांनी सांगितलं. त्यांचं निदान मी इथे निकाल म्हणून मांडत नाही. मला अस्वस्थ करते ती त्या घटनेने उघडी पाडलेली दुसरी गोष्ट. एखाद्या तालुक्यातल्या साध्या घरांचं ताट एकाच पुरवठ्यावर इतकं टेकलेलं असेल, तर त्या पुरवठ्यात कधी काही बिघडलं की सावरायला दुसरं काही उरत नाही. ताटात पाच ठिकाणचं अन्न असेल तर एका ठिकाणचा दोष पातळ होतो. ही जुनी शहाणीव आहे, आणि ती गरिबाच्या ताटातून आधी गेली.

ती का गेली हे समजायला दीडशे वर्षं मागे जावं लागतं. १८५३मध्ये वऱ्हाड इंग्रजांच्या हाती आलं. १८७०मध्ये जलंबपासून खामगावपर्यंत रेल्वेचा फाटा पडला आणि त्याच्या उद्घाटनाला खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आले, कारण खामगावची कापसाची बाजारपेठ मँचेस्टरच्या गिरण्यांना हवी होती. देशातल्या कितीतरी मोठ्या शहरांना रेल्वे मिळाली नव्हती तेव्हा ती खामगावला मिळाली, आणि पुढच्या तीस वर्षांत वऱ्हाडाने १८९६-९७ आणि १८९९-१९०० असे दोन भीषण दुष्काळ पाहिले. कापसाने गच्च भरलेल्या गाड्या जात होत्या त्याच रुळांच्या आसपास माणसं अन्नावाचून मेली. जमिनीतून पैसा निघतो म्हणजे तिथल्या माणसाला जेवण मिळतं असं नाही, हे या मातीने फार लवकर आणि फार महाग शिकवलं आहे. आज कापसाबरोबर सोयाबीन आणि तूर आहे. शिवार हिरवंगार दिसतं आणि त्याच गावात भाजीची गाडी तालुक्याहून येते.

तरीही पाऊणशे-शंभर वर्षं वावरात एक दुसरं, न पेरलेलं पीक होतं. कापसाच्या तासांत अंबाडीच्या, बरबटीच्या ओळी असत आणि निंदायला गेलेल्या बाया येताना ओटीत तांदुळजा, घोळ, चिवळ, पाथरी, तरोटा घेऊन येत. करडईचा कोवळा पाला तर हिवाळ्यातलं हक्काचं कोरड्यास. त्याचा भाव कुठल्याही बाजारपेठेत फुटला नाही म्हणून ते कुठल्याही आकडेवारीत आलं नाही. तणनाशकाने ते दहा-पंधरा वर्षांत संपवलं. निंदणीची मजुरी वाचली असं शेतकरी म्हणतो आणि त्याचं खरं आहे. निंदणारीची मजुरी गेली आणि भाजीही गेली, हे तिच्या बाजूने कुणी मोजलं नाही. तीच बाई आज बुलढाण्यात किंवा चिखलीत भाड्याच्या खोलीत राहते, चार घरची धुणीभांडी करते. कोणता पाला कधी खुडायचा, कोणत्या भाजीला आंबटचुका लागतो, कोणती उन्हाळ्यात टिकते, हे ज्ञान तिच्याकडे शाबूत आहे. तिच्याकडे नाही ती फक्त हातभर जमीन.

ऋषिपंचमीला बैलाच्या श्रमाचं काही खायचं नाही हा आपल्याकडचा नेम. त्या दिवशीची भाजी परसातली, हाताने लावलेली, कुदळीने खोदलेली. त्याच तिथीला शेगावात गजानन महाराजांची पुण्यतिथी असते आणि महाराजांना आवडणारा नैवेद्य म्हणजे झुणका-भाकर आणि अंबाडीची भाजी. ज्या जिल्ह्याच्या सर्वांत मोठ्या दैवताच्या ताटात अंबाडी आहे, त्या जिल्ह्यातल्या शहरांत तिच्यासाठी एक वाफा राखून ठेवायला कुणाचा विरोध असेल असं मला वाटत नाही. विरोध भाजीला होणार नाही. तो जागेवर होईल, आणि त्याकडे मी येतोच.

त्याआधी हिशेब मांडायला हवा, कारण शहरातल्या भाजीबागांबद्दल फार मोठे दावे केले जातात. क्युबाचं उदाहरण तर हमखास येतं. सोव्हिएत संघ कोसळल्यावर हवानाने रिकाम्या जागांवर भाजी पिकवून दाखवली, हे खरं. पण तिथे जमीन सरकारची होती आणि सरकार पाणी, बी, पगारी माणसं घेऊन मागे उभं होतं. हे दुसरं वाक्य बहुतेक भाषणांत गळून जातं. आपल्याकडे कोल्हापूरच्या श्रीपाद दाभोलकरांनी प्रयोग परिवाराच्या माध्यमातून दहा गुंठ्यांत कुटुंबाचं भागू शकतं अशी मांडणी केली. गणिताचा हा प्राध्यापक पानाच्या प्रत्येक चौरस फुटावर पडणारं ऊन मोजायला शिकवत असे आणि त्यांची दृष्टी मला फार मोलाची वाटते. पण शहरातल्या वीस कुटुंबांना दोनशे गुंठे, म्हणजे पाच एकर, कोण देणार?

पाच गुंठे मिळू शकतात. पाच गुंठे म्हणजे साधारण पाचशे चौरस मीटर. वाटा, खताचा खड्डा, पाण्याची टाकी वजा जाता तीनशे चौरस मीटर वाफे राहतील. चांगली निगा, भरपूर खत आणि मांडवावर दोडकी-कारली चढवली तर चौरस मीटरमागे महिन्याला सरासरी एक किलो भाजी हा मध्यम अंदाज आहे. मेथी एका कापणीत त्याहून कमी देते, पालक कापत राहिलं तर जास्त. म्हणजे महिन्याला तीनशे किलो. वीस घरांत वाटली तर घरटी पंधरा किलो, दिवसाला अर्धा किलो.

हा अर्धा किलो म्हणजे पाच माणसांच्या घराला पोषण संस्थेने सांगितलेला पालेभाजीचा वाटा. पाच गुंठ्यांची बाग वीस घरांचं पोट भरणार नाही. त्यांचं धान्य, डाळ, तेल, दूध, काही काही भागवणार नाही, आणि कुणी राजकारणी उद्या ‘बागा दिल्या, आता रेशन कमी करा’ म्हणाला तर त्याला याच हिशेबाने गप्प करायला हवं. पण ताटातला जो हिरवा कोपरा रेशन रिकामा सोडतं आणि महागाई आधी हिसकावते, तो कोपरा ती भरू शकते. पालकाने रक्तक्षय बरा होतो असंही मी म्हणणार नाही. पाल्यातलं लोह शरीरात फार थोडं मुरतं. त्यावर लिंबू पिळलं तर थोडं अधिक. पण फॉलिक आम्ल, डोळ्यांसाठीचं जीवनसत्त्व अ, चोथा आणि क जीवनसत्त्व या सगळ्यांसाठी ताज्या पाल्याला गोळीचा पर्याय शोधत बसण्यात अर्थ नाही.

आता जागा. शहराच्या भाजीबागेवर लिहिणारे बहुतेक जण माती, बी, गच्ची आणि कुंडीपासून सुरू करतात. गच्ची ज्याची स्वतःची आहे त्याला अन्नसुरक्षेची विवंचना सहसा नसते. मुंबईत प्रीती पाटील यांनी मुंबई पोर्ट ट्रस्टच्या उपाहारगृहाच्या गच्चीवर २००२च्या सुमारास स्वयंपाकघराच्याच ओल्या कचऱ्यावर बाग फुलवली. पुढे ‘अर्बन लीव्ह्‌ज’ उभं राहिलं आणि शेकडो लोक हे शिकले. त्या कामाबद्दल मला मनापासून आदर आहे. त्यातून घ्यायचा धडा मात्र मला कचऱ्याच्या खतापेक्षाही वेगळा दिसतो. ती गच्ची एका संस्थेची होती. उद्या घरमालक येऊन कुंड्या उचला म्हणेल ही भीती नव्हती. भाडेकरूच्या बागेला ही भीती पहिल्या दिवसापासून असते, म्हणून भाडेकरू बाग लावतच नाही.

आणि आपल्या शहरांत जागा आहे. २०११च्या जनगणनेत जिल्ह्यातलं एकही शहर लाखाच्या वर नव्हतं. सर्वांत मोठं खामगाव, चौऱ्याण्णव हजारांचं. मुंबईसारखी इथे जमीन संपलेली नाही. ज्या ज्या शेताचा बिगरशेती (एनए) ले-आउट पडला तिथे जमीन एकरभराच्या आसपास किंवा जास्त असेल तर दहा टक्के जागा मोकळी सोडावी लागते. पाच एकरांच्या ले-आउटमध्ये वीस गुंठे ‘ओपन स्पेस’. चिखली रोड, धाड नाका, नांदुरा रोड, कुठेही जा, ही जागा सापडते. काटेरी बाभूळ, बांधकामाचा मलबा, प्लास्टिक, डुकरं. दोन-तीन वर्षांनी एक टिनशेड, मग व्यायामाची लोखंडी साधनं, मग कुणाच्या तरी नावाचा फलक. त्यातला चौथा हिस्सा, पाच गुंठे, भाजीला दिला तरी पोरांना खेळायला तीन हिस्से उरतात. पोरांचं मैदान हिरावून भाजी लावावी असं मी कधीच म्हणणार नाही.

अडचण अशी की ओपन स्पेस असते शिक्षक-कारकून-डॉक्टरांच्या ले-आउटमध्ये, आणि भाजीची गरज असते जुन्या गावठाणात, झोपडपट्टीत, जिथे दोन घरांमध्ये माणूस आडवा होऊन चालतो. ले-आउटमधल्या रहिवाशांना आपल्या दारासमोर ‘बाहेरच्या’ बायांची ये-जा नको असते. हे कुणी उघड म्हणत नाही, सगळे जण प्लॉटची किंमत, डास आणि वास यांबद्दल बोलतात. यावर दोन वाटा दिसतात. पहिली, त्या ले-आउटमधल्या कुटुंबांनाही गटात घ्यायचं. वीसमधली सहा-सात घरं तिथलीच असतील तर बाग परकी राहत नाही. निवृत्त माणसांना वेळ असतो, वावरात काम केलेल्यांचे हात अजून मातीला आसुसलेले असतात. दुसरी वाट म्हणजे नगरपरिषदेच्या शाळा. पटसंख्या घटलेल्या या शाळा बहुधा जुन्या वस्तीतच आहेत, त्यांना आवार आहे, भिंत आहे, फाटक आहे, नळजोडणी आहे. शालेय पोषण आहाराच्या खिचडीत घालायला शाळेला भाजी लागतेच आणि शाळांनी परसबाग करावी असं शासन सांगतच आलंय. पण शाळेची परसबाग मेच्या सुट्टीत जळून जाते कारण तिला घरं जोडलेली नसतात. घरं जोडा, ती जगेल.

हक्काचा मुद्दा मी इंग्लंडकडून घेतो. १९०८मध्ये तिथे लहान शेतजमिनी आणि भाजीच्या तुकड्यांबद्दल एक कायदा झाला आणि त्यात एक साधं कलम आहे. गावातल्या सहा मतदारांनी किंवा करदात्यांनी मिळून लेखी मागणी केली की स्थानिक संस्थेला तिची दखल घ्यावी लागते, आणि गरज पटली तर जागा पुरवणं हे तिचं कर्तव्य ठरतं. कायदा आज सव्वाशे वर्षांच्या घरात आला तरी लागू आहे. ते तुकडे पारंपरिक मापाने अडीचशे चौरस मीटरचे, म्हणजे अडीच गुंठ्यांचे. दोन्ही महायुद्धांत इंग्लंडच्या शहरांनी याच तुकड्यांच्या आधारावर भाजीची टंचाई काढली. युद्ध आल्यावर बागा सुचल्या असं नव्हतं. त्यांची वहिवाट आधीपासून होती, युद्धात ती फक्त वाढली.

दुसरं उदाहरण अर्जेंटिनातल्या रोसारियोचं. २००१मध्ये त्या देशाची अर्थव्यवस्था कोसळली, कारखाने बंद पडले, मध्यमवर्गीयसुद्धा अन्नाच्या रांगेत उभे राहिले. २००२मध्ये रोसारियोच्या पालिकेने शहरातल्या पडीक जागांचा शोध घेतला. रुळांच्या कडेच्या, रस्त्यांलगतच्या, पाणी तुंबणाऱ्या जागा गरीब कुटुंबांना भाजीसाठी वहिवाटीला दिल्या आणि त्या वहिवाटीला नियमांचं बळ दिलं. संकट ओसरल्यावरही बागा टिकल्या. २०२१मध्ये त्या शहराला या कामासाठी जागतिक पातळीवरचा मोठा पुरस्कार मिळाला. बी आणि उत्साह तर जगात सगळीकडे असतो. रोसारियोत पालिकेने सही केली.

आपल्या नगरपरिषदांची सही मिळवणं वर्षानुवर्षं अवघड होतं, कारण आरक्षणाच्या खटल्यांत निवडणुका रखडल्या आणि कारभार प्रशासकांकडे राहिला. वॉर्डातल्या बाईने जायचं कुणाकडे? तरी ठराव काय असावा हे आजच स्पष्ट हवं. एका वॉर्डातल्या वीस कुटुंबांनी अर्ज केला की नव्वद दिवसांत जागा दाखवणं किंवा नकाराचं कारण लेखी देणं बंधनकारक. मुदत किमान पाच वर्षं, कारण मलबा-मुरमाच्या जागेची माती तयार व्हायलाच दोन वर्षं जातात आणि अकरा महिन्यांच्या करारावर कुणी खत ओतत नाही. पक्कं बांधकाम नाही, पोटभाड्याने देणं नाही, धर्मस्थळ नाही, कुणाच्या नावाचा फलक नाही. वीसपैकी निम्म्याहून अधिक घरं रेशनकार्डावर धान्य उचलणारी. एवढं एका पानात बसतं.

पाण्याच्या बाबतीत मात्र सगळ्या जिल्ह्याला एक नियम लावता येणार नाही. घाटावर बुलढाणा, चिखली, मेहकर, देऊळगाव राजा इथली माती आणि पाणी निराळं, घाटाखाली निराळं. नळ दिवसाआड येतो तिथे बागेला पिण्याचं पाणी मागणं कुणालाही पटणार नाही आणि मलाही पटत नाही. हिवाळ्यात वाफ्याला चौरस मीटरमागे चार-पाच लिटर पाणी रोज लागतं, तीनशे मीटरला दीड हजार लिटर. बागेला लागून असलेल्या आठ घरांचं अंघोळीचं आणि भांड्यांचं पाणी नालीत न सोडता टाकीत घेतलं तर तेवढं सहज जमतं. आधी रेती-खडीच्या गाळण्यातून काढायचं, केळीच्या आणि कर्दळीच्या आळ्यातून फिरवायचं, आणि पाल्यावर न शिंपडता मुळाशी द्यायचं. नालीचं पाणी मात्र पालेभाजीला कदापि नको. त्यात मैला मिसळलेला असतो आणि पाला कच्चाही खाल्ला जातो. उन्हाळ्यात पाण्याची गरज जवळपास दुपटीला जाते, तेव्हा निम्मे वाफे मोकळे सोडून उरलेल्यांवर शेडनेट टाकणं हाच शहाणपणा.

घाटाखाली शेगाव, नांदुरा, संग्रामपूर, जळगाव जामोद या बाजूला पूर्णेचा खारपाणपट्टा लागतो. बोअरचं पाणी मचूळ, काळी माती चोपण, पाणी मुरत नाही आणि मुरलं तर क्षार वर येतात. इथे बोअरच्या भरवशावर बाग लावली तर दोन वर्षांत जमिनीवर पांढरा थर दिसेल. कपडे धुतलेल्या पाण्याचंही तेच, पावडरीतला सोडा या मातीला आणखी घट्ट करतो आणि तो रेतीने किंवा केळीने गाळला जात नाही. म्हणून खारपाणात कपड्यांचं पाणी वर्ज्य, पावसाचं छतावरचं पाणी टाकीत, आणि वाफे जमिनीपासून हातभर उंच, बाहेरून आणलेल्या मातीचे. पालक आणि चाकवत क्षार बऱ्यापैकी सोसतात, सुरुवात त्यांच्यापासून करावी. माती कुठून आणायची याचंही उत्तर जिल्ह्यातच आहे. महामार्गाच्या कामाला तलाव-नाल्यांतला गाळ-मुरूम वापरून पाणीसाठा वाढवण्याची पद्धत ‘बुलढाणा पॅटर्न’ म्हणून देशभर गाजली, आणि गाळयुक्त शिवार योजनेत हजारो ट्रॉल्या गाळ वावरांत गेला. त्यांतल्या दहा-वीस ट्रॉल्या शहराकडे वळवायला नवी योजना लागत नाही. त्यात नगरपरिषदेच्या ओल्या कचऱ्याचं खत मिसळावं, पण चाळून. काच आणि प्लास्टिकचे तुकडे असलेलं खत बायांच्या अनवाणी पायांखाली घालायचं नाही.

सर्वांत अवघड भाग एकत्र राहण्याचा. शेगावात संस्थानची सेवा करायला माणसं पाळी लागण्याची वाट पाहतात, झाडू मारतात, पंगती वाढतात, मोबदल्याचा विचारही करत नाहीत. म्हणून या जिल्ह्याला एकत्र राबता येत नाही असं मी कुणाला म्हणू देणार नाही. पण सेवेत आपल्या घरी काही न्यायचं नसतं. बागेत न्यायचं असतं, आणि भांडण तिथेच असतं. कुणी पाणी द्यायला आलं नाही तरी कोवळी मेथी खुडायला पहिलं आलं, कुणाच्या सासूला जादा सांबार (कोथिंबीर) हवा, कुणाचा माणूस पिऊन येऊन फाटकाशी बसला. यावर प्रेमाने वागा हा उपाय नाही. प्रत्येक घराचा आपला एक वाफा, आणि मांडव, खत, पाणी, कुंपण एवढंच सामाईक, ही रचना मला सर्वांत टिकाऊ वाटते. सगळंच सामाईक ठेवलं की कामसू माणूस सहा महिन्यांत थकतो आणि सगळंच वेगळं केलं की पाण्याच्या टाकीवर कुणाचंच लक्ष राहत नाही.

राबणार कोण, हा प्रश्न आणखी बोचरा आहे. चार घरची कामं करून आलेल्या बाईला सांगायचं की आता पोषणासाठी बागही कर, हे मला अन्यायाचं वाटतं, आणि पोषण परसबागांच्या पुष्कळ सरकारी पत्रकांत हा अन्याय गोड शब्दांत लिहिलेला असतो. महाराष्ट्राने १९७२च्या दुष्काळात रोजगार हमीचा मार्ग देशाला दाखवला. पण ती हमी शहराच्या वेशीवर थांबली. केरळने २०१०मध्ये आणि राजस्थानने २०२२मध्ये शहरी रोजगार हमी आणली, आपण अजून नाही. पाच गुंठ्यांच्या बागेला एक पगारी बाई, सकाळी दोन-तीन तास, नगरपरिषदेच्या खर्चाने, वीस घरांमधूनच निवडलेली. रोपवाटिका, पाणी, कुलूप-किल्ली, मोकाट गुरं हाकलणं तिच्याकडे. उरलेल्या घरांना एक दिवसाआड तासभर. नगरपरिषद शोभेच्या उद्यानाला माळी देतेच. कारंजं आणि गुलाब जपायला पगार देता येतो, तर मेथी-पालकालाही देता यायला हवा.

एक आक्षेप मी गंभीरपणे घेतो. आठवडी बाजारात आणि रस्त्याच्या कडेला पोतं टाकून बसणाऱ्या माळणी, बागवान आणि खेड्यातून पहाटे टोपलं घेऊन येणाऱ्या म्हाताऱ्या यांच्या पोटावर या बागा पाय देतील का? बागेतली भाजी विकायला लागली तर देतील, म्हणून विक्री नाही, हे ठरावातच लिहावं लागेल. ज्या घरांत ती जाईल ती घरं आज पालेभाजी घेतच नाहीत किंवा फारच थोडी घेतात. त्यांचा आलू-कांदा, वांगं, कोहळं बाजारातूनच येत राहील. उलट बी आणि रोपं याच माळणींकडून विकत घेतली, मांडव कसा उभा करायचा हे त्यांच्या घरच्या माणसांना पैसे देऊन शिकून घेतलं, तर बाग बाजाराशी भांडणार नाही. ज्यांच्या पिढ्या भाजीत गेल्या त्यांना डावलून एखाद्या संस्थेच्या प्रशिक्षकाने प्रोजेक्टरवर मेथी शिकवावी, हे मला मुळीच मान्य नाही.

पावसाळ्यात सुरुवात करू नये. मुरमाच्या जागेत पाणी साचतं, तण वाढतं, पहिल्याच महिन्यात माणसं पांगतात. दसऱ्यानंतर वाफे धरले तर मेथी, पालक, सांबार, मुळा, चाकवत महिन्या-दीड महिन्यात खुडायला येतात आणि थंडीत किडीही कमी. संक्रांतीपर्यंत वीस घरांना दोन-तीन वेळा भाजी मिळाली की गट तुटत नाही. मग पोकळा, तांदुळजा, बरबटीचा कोवळा पाला उन्हाळ्यासाठी, आणि मृगात अंबाडी. पण बी घेण्याआधी नगरपरिषदेचं अंदाजपत्रक आहे. ते फेब्रुवारीत ठरतं, म्हणून त्याआधीच्या डिसेंबरात मुख्याधिकाऱ्यांकडे अर्ज पोचलेला हवा. सोबत जागेचा हाती काढलेला नकाशा, वीस घरांची नावं आणि सह्या, पाणी कुठून येणार याचं एक पान, आणि दोन मागण्या: एका बाईचा वर्षाचा पगार आणि कुंपणाचा खर्च. अर्जाची पोच घ्यावी, तिच्यावर तारीख आणि शिक्का असावा, आणि ती गटातल्या सर्वांत मोठ्या बाईकडे ठेवावी.